सहा वाजून तेवीस मिनिटं

मामा, आज अण्णांच्या हिशोबाने तुझा तेरावा आणि माझ्या हिशोबाने बारावा. जेवणं अण्णांच्या हिशोबाने झाली. मी वाढत होते, शेवटी जेवलेही, पण मनात म्हणत होते, अजून एक दिवस बाकी आहे, उगाच घाई करताय सगळे. तू असतास तर हसला असतास. किंवा हसला नसतास, घड्याळ काढून मलाच हिशोब विचारत बसला असतास.

या दिवसांत मी घरातल्या जवळजवळ प्रत्येकाशी भांडले. आई म्हणते, "बाय, आता त्याला जाऊ दे." मोखाड्याहून आलेले पाहुणे म्हणतात, जाऊ दे. मी नाही म्हणाले. कुणी सांगितलं म्हणून मी ऐकत नसते, हे तुला माहीत आहे, कारण ते मी तुझ्याच घरात शिकले. त्यात ही माणसं ओट्यावर बसतात आणि एकमेकांना सांगतात, "साधा माणूस होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तू आणि अध्यात ना मध्यात? सातशे किलोमीटरवर बसलेल्या भाचीच्या वहीतली वीस मिनिटं पकडणारा माणूस? मी काही बोलायला तोंड उघडलं की मामी डोळे वटारते, म्हणून गप्प बसले. पण मला ते मान्य नाही.

तू जव्हारच्या डेपोत कंट्रोलर होतास. खिडकीत बसायचं आणि गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली ते रजिस्टरात लिहायचं. लोक म्हणतात, एवढंच काम. एवढंच! त्यांनी एक दिवस करून बघावं. "माझ्या रजिस्टरात 'सुमारास' हा शब्द एकदाबी नाय," असं तू छातीवर हात ठेवून सांगायचास. पाचची गाडी पाच-तीनला सुटली तर पाच-तीन. ड्रायव्हर खिडकीशी रेंगाळायचा, "लिहा ना भाऊ पाच, तीन मिन्टांनी काय होतंय?" तू वर न बघता आकडा लिहायचास आणि म्हणायचास, "लिहिलं. जा."

हे दोन शब्द घरीही होते. मी शाळेला निघाले, मामी माहेरी निघाली, आई मोखाड्याला परत निघाली, की तू घड्याळ बघून वर्तमानपत्राच्या कडेला वेळ टिपायचास आणि मग "लिहिलं, जा." ते ऐकल्याशिवाय आम्ही कुणी उंबरा ओलांडत नव्हतो. तू लिहिलं नाहीस तर आपण निघालोच नाही, असं लहानपणी मला खरंच वाटायचं.

आणि ते चार मिनिटांचं प्रकरण. मी सहावीत होते. आई जव्हारचा बाजार करून निघालेली, डोक्यावर बोजा, आणि मोखाड्याची शेवटची गाडी तिच्या डोळ्यांदेखत फाटकातून बाहेर पडली. तिने तुझ्या खिडकीशी येऊन जो आवाज चढवला तो अख्ख्या स्टँडने ऐकला. तू शांतपणे रेडिओ लावलास आणि बातम्यांच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहिलंस. तुझं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. गाडी तूच चार मिनिटं आधी सोडली होतीस. कुणाला पत्ताही लागला नसता. तू रजिस्टर पुढे ओढलंस आणि लिहिलंस: घड्याळ चार मिनिटं पुढे, गाडी वेळेआधी सोडली, चूक माझी. खाली सही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, तक्रार आली का? नाही. मग कशाला लिहिलंस? तू म्हणालास, "माझी बहीण उभी राह्यली ना रस्त्यावर." आई ती रात्र आपल्याकडे राहिली आणि झोप लागेपर्यंत तुला बोलत राहिली. अजून बोलते. परवा रडता रडता मध्येच थांबून म्हणाली, "मेल्यानं माझी गाडी सोडली होती." मग पुन्हा रडायला लागली.

आमच्या पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायला मला तूच जव्हारला आणलंस. नववीत मी तुझ्यासमोर भूगोलाचा धडा घोकत होते: एका रेखांशाला चार मिनिटं, पूर्वेच्या गावी सूर्य आधी उगवतो. तू विचारलंस, "मंग मोखाड्याला आपल्या आधी उगवतो?" म्हटलं, हो, थोडासा. "थोडासा म्हंजे किती?" मला सांगता येईना, तर तू नकाशा आणि पट्टी घेऊन बसवलंस. अर्ध्या मिनिटाच्या आत निघालं. तू समाधानाने म्हणालास, "आता बरोबर." त्या अर्ध्या मिनिटापायी माझं जेवण गार झालं, हे तुझ्या गावीही नव्हतं.

शिरपामाळावरचं भांडण मात्र मिटलेलं नाही. तू मला सूर्यास्त बघायला तिथे न्यायचास, आणि सूर्य डोंगराआड गेला रे गेला की हात झटकून म्हणायचास, "मावळला." मी म्हणायचे, मावळला नाही, डोंगराने झाकला. डोंगर नसता तर अजून दिसला असता. तू म्हणायचास, "डोंगर नसता तर! पण डोंगर हाये ना? घाटातल्या ड्रायव्हरला दिवे लावावे लागले, म्हंजे मावळला." तुझा भरवसा डोळ्यांवर, माझा कोष्टकावर. यात मी बरोबर होते, मामा, आणि आजही आहे. तू गेलास म्हणून मी माघार घेईन, असं समजू नकोस.

मग मी विमान शिकायला गेले. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ज्यांनी आपल्या ओट्यावर पेढे खाल्ले, तेच फाटकाबाहेर जाऊन म्हणाले, नागली लावणाऱ्यांची पोर, सहा महिन्यांत परत येते की नाही बघा. तू डेपोत प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलंस, "आमची कुंदा पण आता तुमच्यासारखीच. फक्त तिच्या रस्त्याला खड्डे नायत." तेव्हा निवृत्त होऊन तुला दोन वर्षं झाली होती, पण खिडकीशी जाऊन बसायचास, हे मामीने मला सांगितलंय.

दर जानेवारीला तू मला घरच्यासारखंच भिंतीवरचं कॅलेंडर पाठवायचास. त्यात रोजचा सूर्योदय आणि सूर्यास्त छापलेला असतो आणि आपल्याकडे सगळं त्यावर चालतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या वेळा मुंबईच्या आहेत. मुंबई आणि जव्हारमध्ये फरक मिनिट-दीड मिनिटाचा, म्हणून ती ओळ आपल्याकडे कुणी वाचतच नाही. मीही कधी वाचली नव्हती. ते कॅलेंडर माझ्या हॉस्टेलच्या खोलीत होतं आणि मी त्यावरूनच रात्र मोजत होते.

रात्र मोजावी लागते, हे तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू किती खूश झालास! परवान्यासाठी रात्रीच्या उड्डाणाचे पाच तास लागतात. आणि विमानवाल्यांच्या वहीत, म्हणजे लॉगबुकात, अंधार पडला म्हणून रात्र होत नाही. सूर्य मावळल्यावर अर्धा तास जावा लागतो, तेव्हा रात्र सुरू होते. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी ती संपते. त्या अर्ध्या तासातली मिनिटं दिवसाच्या रकान्यात जातात. आणि सूर्योदय धरायचा तो विमान जिथे असेल तिथला. "हे बेस हाये," तू म्हणालास. "आमच्याकडं असं असतं तर किती भांडणं वाचली असती."

फेब्रुवारीतल्या एका पहाटे मी पाच चाळीसला उडाले आणि सहा अडतीसला उतरले. एकटी. ते माझं रात्रीचं शेवटचं उड्डाण होतं, त्याने माझे पाच तास सहा मिनिटं झाली. मी वहीचं पान फोटो काढून तुला पाठवलं आणि लगेच फोन केला. काय काय बडबडले असेन. खाली गावातले दिवे कसे एकेक करून मालवत गेले, आणि उतरताना धावपट्टीशेजारच्या तळ्यावर पांढरेशुभ्र बगळे बसलेले कसे दिसले. तू हूं हूं करत ऐकलंस. त्या पानावर वेळ जगाच्या घड्याळाची लिहिलेली असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची, त्यामुळे पाच चाळीसच्या जागी शून्य वाजून दहा. त्यावर तू म्हणालास, "विलायतेत तेव्हा मध्यरात्रच होती म्हण की!" आपण दोघं खूप हसलो. ते आपलं शेवटचं हसणं ठरलं.

संध्याकाळी तुझा फोन आला.

"कुंदे, तू सहा अडतीसला उतरलीस."

"हो."

"बगळे दिसले म्हणालीस."

"हो."

"किती होते?"

"सात."

"मंग रात्र कशी? रात्री बगळे मोजता येत्यात?"

मी तुला अर्ध्या तासाचा नियम पुन्हा समजावला. कॅलेंडरात सूर्योदय सात बारा, त्यातून अर्धा तास गेला की सहा बेचाळीस, मी उतरले सहा अडतीसला, म्हणजे सगळी अठ्ठावन्न मिनिटं रात्रीची. तू म्हणालास, "कॅलेंडर मुंबईचं हाये. विमान मुंबईला होतं का?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरची ती बारीक ओळ वाचली. तू शेजारच्या पोराचा नकाशा आणून बसला होतास. माझं विमान मुंबईच्या सात रेखांश पूर्वेला. सात चोक अठ्ठावीस. सूर्य उगवला सहा चव्वेचाळीसला, रात्र संपली सहा चौदाला. "तुझी चोवीस मिन्टं दिवसाची हायेत." नववीतला माझाच धडा तू मला म्हणून दाखवलास.

मी रागाने खाली ऑपरेशन्सच्या खोलीत गेले. तिथे भिंतीवर त्या विमानतळाचं छापील कोष्टक टांगलेलं असतं. ते रोज समोर असून मी कधी बघितलं नव्हतं, मला माझं घरचं कॅलेंडर होतं ना. कोष्टकात सूर्योदय होता सहा अठ्ठेचाळीसला. मी तिथूनच तुला ओरडून सांगितलं, "तुझं गणित चुकलं! थंडीत उत्तरेला सूर्य जरा उशिरा उगवतो, ते तू धरलंच नाहीस. चोवीस नाही, वीस मिनिटं!" मला वाटलं तू ओशाळशील. तर तू माझ्याहून मोठ्याने ओरडलास, "चार तुझी निघाली! बघ, चार तुझी. ती सोडू नको हां."

मामा, त्या क्षणी मला तुझा फार राग आला. वीस मिनिटं गेली तर माझे होत होते चार तास शेहेचाळीस. चौदा मिनिटं कमी. आमच्या तुकडीच्या फायली मार्चअखेरीस एकदम परवान्यासाठी जाणार होत्या. मागे राहिलेल्याने पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं, परत विमान मिळायची वाट बघायची, आणि तोवर सोबतचे सगळे नोकरीच्या मुलाखतींना निघून गेलेले. ऑपरेशन्सच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "सगळ्यांचंच थोडंफार इकडेतिकडे असतं. सह्या झाल्यात, आता हात लावू नका." हे मी तुला सांगितलं. तू एवढंच विचारलंस, "सही कुणाची हाये?"

"खाली इन्स्ट्रक्टरची. वर माझी."

"मंग?"

मग मी ते बोलले. मी म्हटलं, हे तुझ्या डेपोचं रजिस्टर नाही, माझं आयुष्य आहे. तू जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या लिहीत खिडकीत बसलास, मला तरी उडू दे.

तुझ्या पाठीमागे मामीने भांडी लावल्याचा आवाज येत होता. मग म्हणालास, "बरं," आणि फोन ठेवलास. दहा दिवसांनी तुझा पुन्हा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारलंस, "कापलीस का?" मी फोन बंद केला. त्यानंतर तू फोन केला नाहीस आणि मीही केला नाही. आपलं शेवटचं बोलणं म्हणजे तुझे दोन शब्द आणि माझं लाल बटणावरचं बोट. मला याची लाज वाटते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही, तुला सांगतेय.

तू गेलास तेव्हा फाईल साहेबांच्या टेबलावरच होती आणि त्यात वीस मिनिटं तशीच होती.

मी पोचले तेव्हा तुला नेलं होतं. माझ्यासाठी थांबवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं असेल आणि अण्णांनी ऊन वाढतंय म्हटलं असेल. मामीने मला जवळ घेतलं आणि तिने जे पहिलं सांगितलं ते असं: "चहा ठेवला होता. हे ओट्यावर बसले होते. काठी पडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले, तर मान कलंडलेली. हाक मारली, हलवलं. काय नाय. मंग मी आत गेले आणि घड्याळ बघितलं. सहा तेवीस. रडायच्या आधी घड्याळ बघितलं गं मी, कुंदा. यांच्यासंगं एवढी वर्षं काढल्यावर दुसरं काय सुचणार?" आणि मग ती रडली. "तेवीस," ती मध्येच पुन्हा म्हणाली. "पंचवीस नाय."

पाचव्या दिवशी अण्णांनी पत्रिकेचा मजकूर लिहून आणला. अण्णा म्हणजे तुझे थोरले चुलतभाऊ, मोखाड्याचे निवृत्त गुरुजी, त्यांच्या अक्षराला घरात कुणी बोट लावत नाही. मी वाचलं: "सोमवारी उत्तररात्री साडेसहाच्या सुमारास दुःखद निधन." मामा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक तर उत्तररात्री. त्यात साडेसहा. आणि वर सुमारास! तुझ्यासाठी! मी अण्णांच्या हातातलं पेन घेतलं आणि 'सुमारास' आडवं खोडलं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "अगं, मंगळवारचा सूर्य उगवायचा होता. सूर्योदयाआधी गेला म्हणजे दिवस आदला धरतात. आपल्या अंगणात ऊन यायला सात वाजतात."

"अंगणातलं ऊन धरायचं नसतं, मध्ये डोंगर आहे," मी म्हटलं. "सूर्योदय सहा चव्वेचाळीसला होता."

"मग झालंच की. सहा तेवीस म्हणजे आधीच."

"पण उजाडलं होतं. उत्तररात्री काय लिहिता?"

पलीकडची जनीबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "रात नव्हती ओ गुर्जी. मी मोहाखाली फुलं येचत होते. येक येक फूल दिसं मला. वयनीची आरोळी आली तवा निम्मी टोपली झाली होती." रात्री मोहाची फुलं वेचता येत नाहीत, मामा. वाकून एकेक उचलावी लागतात.

मी अण्णांना म्हटलं, "दहावा-तेरावा तुम्ही तुमच्या शास्त्राने करा. मी आड येणार नाही. पण हा माणूस रात्री गेला असं मी छापू देणार नाही. मंगळवार, सकाळी सहा वाजून तेवीस मिनिटांनी."

"मग लोक विचारतील, दिवस एक लिहिलाय आणि विधी दुसऱ्या हिशोबाने कसे?"

"विचारू देत."

अण्णा वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि चेष्टा न करता, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "तुमच्या विमानात कसं धरतात गं हे?"

आणि मी ताठ मानेने उत्तर दिलं, "आमच्यात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी रात्र संपते. त्यानंतर दिवस. सहा चौदाला रात्र संपली होती, अण्णा. मामा दिवसा गेला."

बोलून गेले आणि माझंच मला ऐकू आलं. तोच अर्धा तास. तुझ्यासाठी मी अण्णांशी भांडून तो दिवसाच्या रकान्यात घातला, आणि माझ्या वहीत तोच अर्धा तास रात्र म्हणून सही करून ठेवलाय. इकडे मोहाची फुलं दिसली म्हणून दिवस, तिकडे सात बगळे दिसले तरी रात्र. अण्णा अजून माझ्याकडे बघत होते. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि तिथे रडले, या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

मग ऑपरेशन्सच्या साहेबांना फोन केला. साहेब आधी दुखवट्याचं बोलले, मग मी म्हटलं, "माझी फाईल थांबवा. रात्रीच्या तासांतली वीस मिनिटं दिवसाची आहेत, ती मी कमी करणार आहे."

"मॅडम, वीस मिनिटांसाठी?"

"वीस मिनिटांसाठीच."

"तुकडी निघून जाईल तुमची. आणि आता सुधारणा केलीत तर वरून विचारतील, आधी चुकीचं का लिहिलंत."

"विचारू देत," मी म्हटलं. एका दिवसात दुसऱ्यांदा. "कॅलेंडर मुंबईचं होतं असं सांगेन. चूक माझी असं लिहून देईन."

तुकडी परवा गेली. सोबतच्या मुलींनी फोटो पाठवला, सगळ्या फायली हातात धरून उभ्या. मी तो बघितला आणि फोन उलटा ठेवला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझा मामा गेला पण त्याचं वारं काय गेलं नाय घरातून." नातेवाईक म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं परत येईल? म्हणू देत त्यांना. मी परत आलेली नाही, मी परत जातेय. चौदा मिनिटं राहिलीत, ती उडेन. पाहिजे तर चाळीस उडेन. विमान मिळायला महिना लागो नाहीतर चार.

आणि हे तू सांगितलंस म्हणून करत नाहीये, हे लक्षात ठेव. तू सांगितलंस तेव्हा मी फोन आपटला होता. माझं मला कळलं म्हणून करतेय. शिरपामाळावरचं आपलं भांडण तसंच आहे. डोंगर हे क्षितिज नाही. आणि मी तुला खिडकीबद्दल जे बोलले ते खोटं होतं, मामा. तू बसला नव्हतास. एवढी माणसं रोज घाट उतरून घरी पोचली, ती कुणीतरी त्यांच्या गाड्यांकडे डोळे लावून होतं म्हणून. मला हे तेव्हाच माहीत होतं आणि तरी मी बोलले, कारण तुला कुठे लागेल ते मला बरोबर ठाऊक होतं. माफी मागायला फार उशीर झालाय. तरी मागते.

हे सगळं मी जव्हारच्या स्टँडवर बसून लिहितेय, तुझ्या खिडकीसमोरच्या बाकावर. नाशिकची गाडी लागायची आहे, तिथून मला पुढची रेल्वे. निघताना मामी दारापर्यंत आली. आम्ही दोघी उंबऱ्यावर थांबलो, आणि कशासाठी थांबलोय ते दोघींच्या एकदमच लक्षात आलं. लिहायला कुणी नव्हतं. मामीने घड्याळाकडे बघितलं, पण काही बोलली नाही, आणि मी तशीच उतरले.

आत्ता मांडीवर लॉगबुक आहे. फेब्रुवारीचं पान उघडलंय. रात्रीच्या रकान्यातल्या अठ्ठावन्नवर एक सरळ रेघ मारली, आकडा खाली वाचता येईल अशी, आणि शेजारी अडतीस लिहिलं. वीस मिनिटं दिवसाच्या रकान्यात नेली. तुझी चार सोडलेली नाहीत, घाबरू नकोस. खाली सही केली. कापली, मामा. तू विचारलं होतंस, त्याचं हे उत्तर.

गाडी लागली. कंडक्टर हाका मारतोय. सगळे म्हणत होते जाऊ दे, जाऊ दे, आणि मी अडून बसले होते, ते काही हट्टाने नाही. तुला न लिहिता कसं सोडणार? आपल्या घरात तशी पद्धत नाही. पत्रिकेत सहा तेवीसच छापलं, पण ती पत्रिका अण्णांची होती. हे माझ्या हाताने, लॉगबुकच्या शेवटच्या कोऱ्या पानावर: मंगळवार, जव्हार, सकाळी सहा वाजून तेवीस मिनिटं. उजेड होता.

लिहिलं, मामा. जा.